रेपो दर उतरला, मग मोहल्ल्यातलं व्याज का उतरत नाही?

दर दोन महिन्यांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात सहा माणसे तीन दिवस बसतात. शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता गव्हर्नर टीव्हीवर येतात आणि एक आकडा सांगतात. त्या आकड्याला रेपो दर म्हणतात. २०२५ सालात हा आकडा चार वेळा खाली आला. फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का कमी होऊन ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. म्हणजे एका वर्षात सव्वा टक्का. कर्जे स्वस्त होणार, हप्ते कमी होणार, अशा बातम्या प्रत्येक वेळी आल्या.

आता हीच बातमी घेऊन मालेगाव, भिवंडी किंवा आपल्या गावातल्या कोणत्याही कष्टकरी मोहल्ल्यात जाऊन बघा. सूत उधारीवर उचलणारा छोटा लूमवाला, गटातून कर्ज घेतलेली बाई, मुलीच्या लग्नासाठी दागिने गहाण ठेवलेला रिक्षावाला, सावकाराकडून महिना शेकडा पाचने पैसे घेतलेला फळविक्रेता. यांना विचारा, तुमचं व्याज किती कमी झालं? बहुतेकांचं उत्तर एकच येईल, कसलं कमी?

मग प्रश्न असा की देशातल्या पैशाची किंमत ठरवणारी संस्था किंमत कमी करते, तर ती कमी झालेली किंमत गरिबाच्या दारापर्यंत का पोहोचत नाही? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा नाही. तो आपल्या घरखर्चाचा आहे. म्हणून थोडे सविस्तर समजून घेऊ.

मध्यवर्ती बँक म्हणजे नेमकं काय?

मध्यवर्ती बँक म्हणजे बँकांची बँक आणि सरकारचीही बँक. आपण तिथे खाते उघडू शकत नाही. ती नोटा काढते, बँकांवर देखरेख ठेवते, परकीय चलनाचा साठा सांभाळते आणि बँकांना अडीनडीला पैसे देते. ज्या दराने ती बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तोच रेपो दर.

ही व्यवस्था फार जुनी नाही. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये सुरू झाली, ती इंग्लंडच्या राजाला फ्रान्सशी लढायला पैसे हवे होते म्हणून. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह १९१३ मध्ये आली, कारण १९०७ साली तिथल्या बँकांवर लोकांची झुंबड उडाली होती आणि सावरायला कोणी नव्हते. म्हणजे मध्यवर्ती बँका जन्मल्या त्या लढाई आणि संकट यांच्या पोटी, गरिबांच्या सोयीसाठी नव्हे. हे लक्षात ठेवले की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

आपल्याकडे हिल्टन यंग कमिशनने १९२६ मध्ये स्वतंत्र मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. याच कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, सुरुवातीला खासगी भागधारकांची म्हणून. १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. फाळणीनंतर काही महिने हीच बँक पाकिस्तानचेही चलन सांभाळत होती. १ जुलै १९४८ ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि १ जानेवारी १९४९ पासून रिझर्व्ह बँक पूर्णपणे भारत सरकारच्या मालकीची झाली.

आज व्याजदर ठरवते ती पतधोरण समिती. ही पद्धत २०१६ पासूनची. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. त्यांना सरकारने काम दिले आहे ते असे की महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास ठेवा, २ च्या खाली किंवा ६ च्या वर जाऊ देऊ नका. सलग तीन तिमाही या चौकटीबाहेर गेले तर सरकारला लेखी कारण द्यावे लागते. २०२२ मध्ये तशी वेळ आलीही होती.

सरकार नोटा छापून वाटत का नाही?

हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. उत्तर सोपे आहे. समजा गावात शंभर थान कापड आहे आणि लोकांच्या हातात एकूण दहा हजार रुपये आहेत. रातोरात प्रत्येकाच्या खिशातले पैसे दुप्पट केले, पण कापड शंभरच थान राहिले, तर कापड स्वस्त होणार नाही, थानाचा भाव दुप्पट होईल. पैसा वाढला पण माल वाढला नाही, की महागाई येते.

पण यात एक बारीक गोष्ट आहे, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. बाजारातला बहुतेक पैसा नोटांच्या रूपात नसतोच. बँक एखाद्याला दहा लाखांचे कर्ज मंजूर करते तेव्हा ती तिजोरीतून दहा लाखांची गड्डी काढून देत नाही. ती त्याच्या खात्यात दहा लाख जमा दाखवते. तिथेच नवा पैसा तयार झाला. म्हणजे कर्ज दिले की पैसा जन्मतो आणि फेडले की मरतो. रिझर्व्ह बँक या जन्माला लगाम लावते. रोख राखीव प्रमाण म्हणून बँकांना ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी ठेवावा लागतो. २०२५ मध्ये तो चारवरून तीन टक्क्यांवर आणला गेला. आणि रेपो दर वरखाली करून कर्ज महाग की स्वस्त हे ठरवले जाते.

आता यातून निघणारा मुद्दा नीट बघा. नवा पैसा कर्जातून तयार होत असेल, तर तो सगळ्यात आधी कोणाच्या हातात पडतो? ज्याला बँक कर्ज देते त्याच्या. ज्याला बँक दारातच उभे करत नाही, त्याच्या वाट्याला त्या पैशामुळे वाढलेली महागाई येते, पैसा येत नाही. कर्ज मिळणे ही केवळ सोय नाही. अर्थव्यवस्थेत आपला वाटा मिळणे किंवा न मिळणे तिथेच ठरते.

दर खाली येतो, मग अडतो कुठे?

ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना बंधन घातले की घर, वाहन, वैयक्तिक आणि छोट्या उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडायची. याचा फायदा खरोखर झाला. समजा एखाद्या सरकारी नोकराने २० वर्षांसाठी १० लाखांचे गृहकर्ज ९ टक्क्यांनी घेतले आहे. त्याचा हप्ता साधारण ९ हजार रुपये. तेच नवे कर्ज सव्वा टक्का कमी म्हणजे ७.७५ ने घेतले तर हप्ता सुमारे ८ हजार २०० वर येतो. महिन्याला जवळपास ८०० रुपयांची बचत. चांगली गोष्ट आहे.

पण हे बंधन व्यापारी बँकांना आहे. वित्त कंपन्या, म्हणजे ज्यांच्याकडून आपल्या भागात टू-व्हीलर, रिक्षा, शिलाई मशीन आणि गटाची कर्जे घेतली जातात, त्यांना ते लागू नाही. शिवाय ही कर्जे बहुधा ठरलेल्या व्याजाची असतात. एकदा कागदावर सही झाली की रेपो पाच होवो की तीन, हप्ता तोच. आणि सावकार? त्याने रेपो दराचे नाव तरी ऐकले आहे का, हाच प्रश्न.

आता दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून बघू. एका बाईने मायक्रोफायनान्सकडून ४० हजार रुपये २४ टक्के वार्षिक दराने दोन वर्षांसाठी घेतले. घटत्या शिल्लकीवर महिन्याचा हप्ता सुमारे २ हजार ११५ रुपये. दोन वर्षांत ती एकूण सुमारे ५० हजार ७५० भरते आणि मोकळी होते. व्याज जास्तच आहे, यात वाद नाही. तिच्या शेजारणीने तेवढेच ४० हजार सावकाराकडून महिना शेकडा पाचने घेतले. तिला दरमहा २ हजार रुपये फक्त व्याजाचे द्यावे लागतात. दोन वर्षांत तिने ४८ हजार भरले आणि डोक्यावर ४० हजार जसेच्या तसे उभे आहेत. दोघींच्या खिशातून महिन्याला जवळपास सारखेच पैसे जातात. एक सुटली, दुसरी अडकली. "फक्त पाच टक्के" हा शब्द किती फसवा आहे ते इथे कळते. महिन्याचे पाच म्हणजे वर्षाचे साठ टक्के.

थोडक्यात, मिंट रोडवर एक चतुर्थांश टक्क्यावर तीन दिवस चर्चा होते आणि आपल्या गल्लीत साठ टक्के व्याज एका मिनिटात ठरते. या दोन जगांमध्ये पूल नाही. प्रश्न त्या पुलाचा आहे.

पूल का बांधला गेला नाही?

२००६ मध्ये न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल आला. नोकरी आणि शिक्षणाबद्दल त्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बँकांविषयीचे प्रकरण फार कमी लोकांनी वाचले. काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी "नकारात्मक" विभाग म्हणून चिन्हांकित केले होते, अशी नोंद समितीने केली. म्हणजे माणूस कोण, त्याचा धंदा कसा, तो पैसे फेडतो का, हे बघायच्या आधी पत्ता बघायचा. त्याच वर्षी पंतप्रधानांचा नवा १५ कलमी कार्यक्रम आला आणि प्राधान्य क्षेत्रातील कर्जांपैकी १५ टक्के अल्पसंख्याक समाजाला मिळावीत असे लक्ष्य ठेवले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांनी एकूण कर्जातील ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला द्यायची असतात, त्यात दुर्बल घटकांचा वेगळा वाटा असतो आणि अल्पसंख्याक समाज त्या घटकांत मोडतो. नियम कागदावर आहेत. ते आपल्या तालुक्यात कितपत पाळले जातात हे विचारायला मात्र आपल्यातले फार थोडे लोक जातात.

पण सगळा दोष बँकांच्या माथी मारणे प्रामाणिक होणार नाही. बँक कागद मागते. आपला धंदा तोंडी चालतो. सूत तोंडी उधारीवर, माल तोंडी बोलीवर, मजुरी रोखीत. २०१६ च्या नोटाबंदीत हेच आपल्या अंगाशी आले. ८ नोव्हेंबरच्या रात्री किंमतीच्या हिशेबाने देशातले ८६ टक्के चलन एका फटक्यात बाद झाले आणि रोखीवर चालणाऱ्या यंत्रमागाच्या गावांना आठवड्याची मजुरी वाटणे मुश्कील झाले. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की बाद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. म्हणजे काळा पैसा बाहेर राहील ही अपेक्षा फोल ठरली, त्रास मात्र झाला तो झालाच. त्यानंतर तरी धंद्याचे कागद करणे, उद्यम नोंदणी करणे, खात्यातून व्यवहार करणे हे आपण जोमाने करायला हवे होते. काही ठिकाणी झाले, अनेक ठिकाणी नाही.

बिनव्याजी बँकेचा अर्धवट राहिलेला प्रश्न

आपल्या समाजातले अनेक लोक बँकेपासून लांब राहतात त्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे व्याजाबद्दलची धार्मिक भूमिका. यावर उलेमा आणि अभ्यासक बोलतील, तो आमचा प्रांत नाही. आम्ही फक्त त्याची आर्थिक बाजू मांडतो.

हा विषय सरकारदरबारी आलाच नाही असे नाही. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वित्तीय क्षेत्राच्या सुधारणांचा अहवाल दिला. त्यात बिनव्याजी बँकिंगची सोय असावी अशी शिफारस होती. तिच्यामागचे कारणही व्यावहारिक होते की श्रद्धेमुळे बँकेबाहेर राहिलेला वर्ग आत यावा. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने सध्याच्या बँकांमध्ये अशी खिडकी उघडण्याची सूचना केली. पण २०१७ मध्ये माहिती अधिकारातील एका अर्जाला उत्तर देताना रिझर्व्ह बँकेने कळवले की सर्व नागरिकांना बँकिंगच्या व्यापक आणि समान संधी उपलब्ध असल्याने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरले आहे.

अडचण केवळ इच्छेची नाही, कायद्याचीही आहे. बिनव्याजी पद्धतीत बँक वस्तू स्वतः विकत घेऊन ठरलेल्या नफ्यावर ग्राहकाला विकते, किंवा धंद्यात भागीदार होते. आपल्या १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. म्हणजे कायद्यात बदल केल्याशिवाय हे होणार नाही. मलेशियाने १९८३ मध्ये वेगळा कायदा करून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. ब्रिटनने २००४ मध्ये अशा बँकेला परवाना दिला. तिथे बिगर मुस्लिमही ठेवी ठेवतात. मागणी करायचीच असेल तर ती भावनेची नको, कायद्याच्या भाषेतली हवी.

आणि पोकळी राहिली की ती कोण भरतो? ठग भरतात. २०१९ मध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी नावाची कंपनी कोसळली. व्याज नाही, नफ्यातला हिस्सा, हलाल गुंतवणूक असे सांगून तिने हजारो घरांतली पुंजी गोळा केली होती. गुंतवणूकदार बहुतांश मुस्लिम. कोणी निवृत्तीचे पैसे टाकले, कोणी मुलींच्या लग्नाचे. ती बँक नव्हती, तिच्या ठेवींना विमा नव्हता. गुंतवणूकदारांना कागदोपत्री "भागीदार" केले होते. भागीदाराला नफा मिळतो तसा तोटाही सोसावा लागतो, हे सही करताना कोणाला समजावून सांगितले होते? धर्माचे नाव घेऊन कोणी दरमहा ठरावीक परतावा देऊ म्हणत असेल, तर तिथेच थांबावे. भागीदारीत नफा ठरावीक असूच शकत नाही. तो ठरावीक असेल तर मग ते व्याजच झाले, फक्त नाव बदललेले.

तुर्कीचा धडा

व्याज वाईट असेल तर सरकारने फर्मान काढून व्याजदर खाली आणावेत, असे आपल्यातल्या काहींना वाटते. तुर्कीत नेमके हेच झाले आणि त्याचा निकालही जगापुढे आहे.

राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचे म्हणणे होते की जास्त व्याजामुळेच महागाई वाढते. २०१९ ते २०२१ या काळात त्यांनी मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर बदलले. २०२१ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला गेला. डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या धोरणाला धर्माच्या शिकवणीचा आधारही दिला. पुढे काय झाले? लिरा कोसळला. आयात महाग झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ८५ टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा बँकेचा दर होता १०.५ टक्के.

या दोन आकड्यांचा अर्थ काय तो बघा. वस्तूंचे भाव वर्षात ८५ टक्क्यांनी चढत असताना ज्याला साडेदहा टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळते, तो कर्ज काढून जमीन, इमारत, माल घेऊन ठेवतो आणि श्रीमंत होतो. असे कर्ज मिळते कोणाला? मोठ्या उद्योगांना. आणि पगारावर जगणारा, पेन्शनवर जगणारा, थोडी बचत बाळगून असलेला माणूस भरडला जातो. ज्या गरिबाला व्याजापासून वाचवायचे म्हणून हे केले, त्याच गरिबाच्या खिशातून पैसा श्रीमंताकडे गेला. अखेर २०२३ च्या निवडणुकीनंतर धोरण उलटे फिरवावे लागले आणि मार्च २०२४ मध्ये दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

एर्दोगान यांच्याबद्दल आपल्याकडे अनेकांना आपुलकी आहे. ती असू द्या. पण हिशेब हिशेबाच्या जागी. व्याजरहित व्यवस्था म्हणजे नफा-तोट्याची खरी वाटणी. व्याजाचीच व्यवस्था ठेवून दर फक्त फर्मानाने खाली ढकलणे म्हणजे ती व्यवस्था नव्हे.

महागाई कमी झाली म्हणजे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या देशात किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदवला गेला. आधीच्या वर्षी त्याच महिन्यात तो ६.२१ टक्के होता. हे ऐकून अनेकजण चिडले, की बाजारात तर काही स्वस्त दिसत नाही! यात खोटेपणा नाही, समजुतीचा घोटाळा आहे. दर कमी होणे म्हणजे भाव खाली येणे नव्हे. भाव वाढण्याचा वेग मंदावणे. गेल्या वर्षी भाज्या फार महाग होत्या, त्यांच्याशी तुलना केल्यावर यंदाचा आकडा लहान दिसतो. तेल, शाळेची फी, दवाखाना यांचे आधी चढलेले भाव तिथेच राहतात.

आणि ही महागाई सगळ्यात जास्त कोणाला खाते? ज्याचे पैसे घरात डब्यात किंवा बिनव्याजी चालू खात्यात पडून आहेत त्याला. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर आजच्या एक लाखाची खरेदीशक्ती दहा वर्षांनी साधारण ६१ हजारांवर येते. एकही नोट चोरीला न जाता ३९ हजार गेले. व्याज नको म्हणणाऱ्यांनी पैसे तसेच झोपवून ठेवू नयेत. धंद्यात भागीदारी, जमीन, सोने, शेअर बाजारातल्या शरियतच्या कसोटीवर निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक आणि फंड असे मार्ग आहेत. त्यांत जोखीम आहे, चौकशी करूनच पाऊल टाकावे. पण पैसा झोपला की तो झिजतो, हे पक्के.

आपल्या हातात काय आहे?

मिंट रोडवरचा आकडा आपण बदलू शकत नाही. पण काही गोष्टी नक्की करता येतात.

पहिली गोष्ट, कर्ज असेल तर चौकशी करा. रेपोशी जोडलेले नसलेले जुने गृहकर्ज असेल तर ते जोडून घेता येते का, हे बँकेत लेखी विचारा. दर कमी झाल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हेही स्पष्ट विचारून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक कर्जांवर मुदतीआधी फेडल्याचा दंड आकारता येत नाही.

दुसरी, मायक्रोफायनान्सचे कर्ज घेणाऱ्या बहिणींनी २०२२ चे नियम माहीत करून घ्यावेत. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज कंपनीने देऊच नये, असा नियम आहे. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. या नियमांत व्याजावरची कमाल मर्यादा मात्र काढून टाकली आहे, म्हणून सही करण्याआधी वार्षिक दर विचारणे आपले काम.

तिसरी, पैसे कुठे ठेवतो ते बघा. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, आणि तेव्हा विमा होता अवघा एक लाखाचा. तो ५ लाखांचा झाला २०२० मध्ये. पतसंस्थेला आणि भिशीला हा विमा नाही. आपल्या बिनव्याजी पतसंस्था चांगले काम करतात, पण त्यांच्याही सभासदांनी वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद मागितला पाहिजे. विश्वास असणे आणि हिशेब विचारणे यांत विरोध नाही.

चौथी, तक्रार करायला शिका. बँक किंवा वित्त कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. वाडवडिलांची विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचे उद्गम पोर्टल आहे. अनेक घरांत अब्बा-दादांच्या नावाचे पासबुक ट्रंकेत पडून असते, ते एकदा काढून बघा.

आणि शेवटची गोष्ट सामूहिक आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ या वर्षाच्या नफ्यातून केंद्र सरकारला सुमारे २ लाख ६९ हजार कोटी रुपये दिले. हा पैसा जनतेचा आहे. त्यातला किती छोट्या कारागिरांच्या कर्जहमीसाठी जातो, आपल्या जिल्ह्यात प्राधान्य क्षेत्राची कर्जे कोणाला आणि किती मिळाली, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे हे आकडे असतात, माहिती अधिकारात मागता येतात. मशिदीच्या कमिटीने, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने, लूमवाल्यांच्या असोसिएशनने मिळून एक अर्ज केला तरी सुरुवात होईल. आपल्या तालुक्याचा आकडा हातात घेऊन बँकेत जाणाऱ्या माणसाशी मॅनेजर वेगळ्या सुरात बोलतो.